लॉन टिकत नाही तिथे लव्हाळा: पांढऱ्या बोंडाच्या किलिंगाचं परीक्षण

मोठ्या झाडाखाली लॉन जगत नाही, हे पुण्यातल्या बहुतेक जुन्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात दिसतं. पावसाळ्यात नवं कार्पेट अंथरायचं, दिवाळीपर्यंत कौतुक करायचं, संक्रांतीला ते विरळ झालेलं बघायचं आणि मेमध्ये उघड्या मातीवर पाणी मारत बसायचं. यात माळ्याचा दोष नसतो. नर्सरीत लॉन म्हणून विकली जाणारी बहुतेक गवतं उन्हातली आहेत. दिवसाला पाच-सहा तास सरळ ऊन मिळालं नाही तर ती लांबतात, पिवळी पडतात आणि मरतात.

अशा जागेसाठी किलिंगा नेमोरॅलिस हा आपल्याकडचा लव्हाळा काही वर्षांपासून सुचवला जातोय. देशी झाडांची आवड असलेले काही लँडस्केपवाले तो 'नो-मो लॉन', म्हणजे कापावं न लागणारं लॉन, म्हणून विकतात. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. अर्धसावलीत, जिथे रोज पायांची वर्दळ नाही तिथे हा लव्हाळा लॉनपेक्षा सरस आहे. भर उन्हातल्या गच्चीवर किंवा मुलं क्रिकेट खेळतात त्या आवारात घेऊ नका. आणि विकणारा 'देखभाल शून्य' म्हणाला तर त्याला पहिल्या वर्षाची खुरपणी कोण करणार ते विचारा.

झाड कसं आहे

दिसायला गवत, पण गवताच्या कुळातलं नाही; लव्हाळ्यांचं कूळ वेगळं. काडी दोन बोटांत धरून फिरवली की तीन कडा लागतात. गवताची काडी गोल किंवा चपटी असते आणि तिला पेरं असतात; याची काडी भरीव, तीनधारी आणि बिनपेराची. पानं गडद हिरवी, चकचकीत, दोन-तीन मिलिमीटर रुंद. पुण्यात अर्धसावलीत उंची पाच-सहा इंच राहते. पाणी आणि खत जास्त झालं की दहा इंचांपर्यंत जाते आणि पानं लोळतात. काडीच्या टोकाला वाटाण्याएवढं किंवा त्याहून थोडं मोठं पांढरं बोंड येतं आणि त्याच्या खाली तीन-चार हिरवी पानं पसरलेली असतात. पावसाळ्यात हिरव्यावर ही पांढरी बोंडं उठून दिसतात.

पसरतो तो जमिनीलगतच्या आडव्या खोडानं. हे खोड बारीक, तपकिरी खवल्यांचं, मातीत एक-दीड इंचाहून खोल न जाणारं. चुरगळलं तर मंद सुवास येतो. याच खोडामुळे उन्हाळ्यात वरची पानं करपली तरी पहिल्या पावसात फुटवे येतात. शिवाजीनगरला वर्षाला सरासरी सव्वासातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. त्या काळात जमिनीखाली तग धरणारं काहीतरी असल्याशिवाय आपल्याकडे कुठलंही जमीन झाकणारं झाड बिनबोभाट टिकत नाही.

माल तीन रूपांत मिळतो, त्यातला एकच घ्यावा

पहिलं रूप म्हणजे ट्रेमधली रोपं. भाजीची रोपं वाढवतात तसलेच प्रो-ट्रे, पण ९८ कप्प्यांचे नकोत, ५० कप्प्यांचे घ्या. लहान कप्प्यात मुळांचा गोळा इतका छोटा असतो की लावल्यावर पावसानं दोन दिवस दडी मारली तरी रोप वाळतं. चांगल्या रोपाला किमान तीन फुटवे असतात आणि कप्प्यातून उपसल्यावर माती गळत नाही.

दुसरं रूप म्हणजे उपटलेली गादी. कुठल्या तरी आवारातून, ओढ्याकाठून फावड्यानं खरवडून पोत्यात भरून आणलेला माल. स्वस्त पडतो आणि लगेच हिरवं दिसतं. घेऊ नका. त्या गादीत हरळी असते, दुधी नावाचं तण असतं आणि नागरमोथ्याच्या गाठी जवळपास नक्की असतात. शिवाय टेकड्यांवरून आणि तळ्यांच्या काठांवरून झाडं खरवडून आणणं हा देशी बागेचा मार्गच नव्हे.

तिसरं रूप ऑनलाइन बियांचं. यातही दोन प्रकार. देशी म्हणून विकली जाणारी पाकिटं बहुधा ओळख न पटवता भरलेली असतात. किलिंगाचं बी इतकं बारीक आहे की पाकिटात नेमकं काय आहे ते घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. दुसरी पाकिटं कॅरेक्सची. अमेरिकी बागांत कॅरेक्स पेन्सिल्व्हॅनिका नावाचा लव्हाळा झाडाखाली लावतात आणि त्याची छायाचित्रं पाहून इथले लोक बी मागवतात. डेलावेअरमधल्या माउंट क्युबा सेंटर या उद्यानानं कॅरेक्सच्या अनेक जातींची शेजारी शेजारी लागवड करून चाचणी घेतली. तिच्यात कॅरेक्स वूडी पहिला आला. ते निष्कर्ष तिथल्या हवेचे. ही थंडीत विश्रांती घेणारी, वसंतात फुटणारी झाडं आहेत. पुण्याच्या एप्रिलला त्यांच्या वेळापत्रकात जागा नाही. शिवाय त्यांचं बी ताजं लागतं आणि बऱ्याच जातींना रुजण्याआधी ओल्या थंडीचे आठवडे लागतात, म्हणून तिकडेही लोक रोपंच घेतात. परदेशातून बी मागवायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचा आरोग्य दाखला लागतो, हेही पाकीट विकणारा सांगत नाही.

ट्रे उलटा करून बघा

या खरेदीत सगळं यश-अपयश इथे ठरतं, म्हणून सविस्तर.

बोलीभाषेत लव्हाळा आणि मोथा ही नावं या कुळातल्या डझनभर झाडांना सरसकट लागतात. नर्सरीत जाऊन 'लव्हाळा द्या' म्हटलं तर माळी आधी हसेल, कारण त्याच्या लेखी लव्हाळा म्हणजे नागरमोथा, सायपेरस रोटुंडस, आणि तो उपटण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं असतं. ऊसवाल्या शेतकऱ्यांनाही तो चांगला ठाऊक आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत तो वरच्या क्रमांकावर असतो. रोपावस्थेत किलिंगा आणि नागरमोथा पानांवरून ओळखणं अवघड आहे. म्हणून ओळख दोन ठिकाणी करायची.

पहिली ओळख फुलोऱ्यात. किलिंगाचं एकच पांढरं, घट्ट, गोल बोंड. नागरमोथ्याचा फुलोरा छत्रीच्या काड्यांसारखा फाकलेला, तांबूस-तपकिरी. हिरवं, किंचित लांबट बोंड दिसलं तर तो किलिंगा ब्रेव्हिफोलिया. त्याच्याबद्दल पुढे येईल.

दुसरी आणि खरी ओळख मातीखाली. ट्रेमधली चार-पाच रोपं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उपसा, मुळं पाण्यात खळबळून धुवा. खवल्यांचं आडवं, एकसारख्या जाडीचं खोड दिसलं तर ठीक. सुतळीच्या धाग्याएवढी बारीक, ताठ मुळी आणि तिच्या टोकाला हरभऱ्याएवढी किंवा मोठी, कडक, काळपट गाठ दिसली तर तो नागरमोथा. गाठ नखानं खरवडली की आत पांढरी निघते. एका रोपात एक जरी गाठ सापडली तरी अख्खा ट्रे परत करा. 'एवढं एक काढून टाका हो' या म्हणण्याला भीक घालू नका. ट्रेमध्ये एक गाठ असेल तर त्या ट्रेची माती गाठींची आहे, म्हणजे इतर कप्प्यांतही असणार.

इतकी कडक भूमिका का, तर गाठी एकमेकींना साखळीत जोडलेल्या असतात. वरचा कोंब असेपर्यंत खालच्या गाठी निजलेल्या राहतात. तुम्ही कोंब उपटला की मुळी तुटते, गाठ खालीच राहते आणि साखळीतल्या निजलेल्या गाठी जाग्या होतात. जेवढं उपटाल तेवढे कोंब येतात, असं माळी म्हणतात ते अगदी खरं आहे. आणि लव्हाळ्याच्या वाफ्यात हा घुसला तर औषधाचाही उपाय उरत नाही. उसात नागरमोथ्यावर वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल किलिंगालाही मारतं. ग्लायफोसेट तर सगळ्यालाच. खुरपं हाच एक मार्ग, आणि त्या खुरप्यानं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

ओळखीची शंका राहिली तर फुलोऱ्यासह, मुळांसह एक ठोंब वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच, कोरेगाव रस्त्यावर आहे आणि महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांतही या कुळाची ओळख असणारे लोक भेटतात. नुसत्या पानांचा मोबाइलवरचा फोटो कोणालाच उपयोगी नाही; ॲप तर त्याला बिनधास्त 'गवत' म्हणून मोकळं होतं.

माती: रोपांपेक्षा इथे जास्त पैसे जातात

पुण्यातल्या आवारांत तीन प्रकारची जमीन भेटते. जुन्या बंगल्यांची काळी माती, टेकडीलगतचा मुरूम आणि नव्या सोसायट्यांमधला राडारोडा, म्हणजे सिमेंट, विटांचे तुकडे आणि वर दोन इंच लाल मातीचा मुलामा. किलिंगाला काळी माती चालते, किंबहुना आवडते. पावसात थोडं पाणी साचलं तरी तो कुरकुरत नाही. मुरमावर सहा इंच माती लागते. राडारोड्यावर मात्र सिमेंटच्या चुन्यामुळे पानं फिकट पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि कितीही शेणखत घातलं तरी सुधारत नाहीत. तिथे सहा इंच खणून राडा उचलून नेणं हाच उपाय.

हिशेब सोपा आहे. १०० चौरस फुटांवर सहा इंच भर म्हणजे ५० घनफूट, अर्धा ब्रास माती. तीन इंच भर असेल तर पाव ब्रास. त्यावर अर्धा इंच कुजलेलं कंपोस्ट, म्हणजे साधारण १२० लिटर, वरच्या तीन इंचांत मिसळायचं. याहून जास्त खत नको. कच्चं शेणखत तर अजिबात नको, त्यातून तणाचं बी येतं.

विकतची लाल माती हा नागरमोथ्याचा शहरात यायचा मुख्य रस्ता. ट्रॉली उतरवून घेण्याआधी त्यातली दोन घमेली माती एका उथळ ट्रेमध्ये पसरा, उन्हात ठेवा आणि रोज पाणी द्या. उन्हाळ्याच्या दिवसांत दोन ते तीन आठवड्यांत गाठी असल्या तर भाल्यासारखे टोकदार कोंब वर येतात. कोंब आले तर ती माती घेऊ नका. दुसरी सोय नसेल तर गवंड्याकडच्या पाव इंची चाळणीतून माती कोरडी चाळा. बहुतेक गाठी वर राहतात. ओली माती चाळली जात नाही, म्हणून हे काम मेमध्येच करायचं.

जागेतच नागरमोथा असेल तर एप्रिल-मे हे दोन महिने त्याला द्या. नऊ इंच खोल खणा, ढेकळं उलटी करून उन्हात पडू द्या, आठवड्यानं पुन्हा परता. शेतकऱ्यांची उन्हाळी नांगरट याच कारणासाठी असते: गाठ पूर्ण वाळली की मरते. खणताना दिसेल ती गाठ वेचून सुक्या कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात नको. काळा प्लास्टिक कागद अंथरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नागरमोथ्याचा कोंब पातळ काळा कागद भोसकून वर येतो. पारदर्शक कागदाखाली कोंब उजेडात पानं उघडतो आणि तिथेच भाजतो, म्हणून वापरायचाच तर पारदर्शक वापरा, माती आधी ओली करा आणि कडा मातीत गाडा. पण मुळात ही जागा झाडाखालची; तिथे कागद तापेल इतकं ऊन नसतं. तेवढं समाधान की सावली नागरमोथ्यालाही मानवत नाही. दाट सावलीत तो आपोआप रोडावतो.

लागवड

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की सुरू करायचं. १५ ऑगस्टनंतर लावलं तर थंडी पडण्याआधी जमीन झाकली जात नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत वाढ जवळपास थांबते.

सहा इंचांवर लावायचं तर चौरस फुटाला चार रोपं, १०० चौरस फुटांना ४००. मर धरून ४५० मागवा, म्हणजे ५० कप्प्यांचे नऊ ट्रे. रोपाला दहा रुपये सांगितले तर चौरस फुटाला चाळीस रुपये नुसत्या रोपांचे होतात, हे लक्षात ठेवून घासाघीस करा. नऊ इंचांवर लावलं तर १८० रोपांत भागतं, पण मधली उघडी माती पुढच्या पावसाळ्यापर्यंत खुरपत बसावं लागतं. एक फुटावर लावून पैसे वाचवणाऱ्यांच्या वाफ्यात शेवटी हरळी असते.

घाई नसेल तर यंदा ६० रोपं घ्या, उन्हाची थोडी तिरीप असलेल्या वाफ्यात एक फुटावर लावा आणि पुढच्या जूनमध्ये ठोंब फोडा. एका ठोंबातून सहा-आठ तुकडे निघतात. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच फुटवे आणि दीड इंच आडवं खोड हवं. पानं दोन इंचांवर छाटायची, खोड मातीखाली अर्धा इंच जाईल इतकंच पुरायचं आणि अंगठ्यानं माती घट्ट दाबायची. खोल पुरलेलं रोप पावसात सडतं, सैल दाबलेलं रोप पहिल्या सरीत वर येतं. ओळी एकाआड एक सरकवून, त्रिकोणात लावा. उतारावर तर हे आवश्यकच, नाहीतर पाणी ओळींमधून सरळ वाट काढतं आणि माती घेऊन जातं.

रोपांच्या मधे इंचभर आच्छादन: बारीक केलेला पालापाचोळा, उसाचं पाचट, किंवा रसवंतीवरून आणलेली वाळलेली चिपाडं तोडून. कोकोपीट टाकू नका, पावसात तरंगून गटारात जातं. आच्छादन फुटव्यांच्या बुंध्याला भिडू देऊ नका.

कडेला सहा इंच खोल उभी कडाप्प्याची पट्टी गाडा. ही काटकसर करण्याची जागा नाही. पट्टी दोन्ही बाजूंनी काम करते: बाहेरची हरळी आत येत नाही आणि आतला किलिंगा शेजारच्या लॉनमध्ये जात नाही. लॉनवाल्यांच्या दृष्टीनं किलिंगा हे तणच आहे, आणि हवाईसारख्या बेटांवर तो बाहेरून जाऊन पसरलेला आहे. इथला आहे म्हणून तो शिस्तीत राहील असं समजू नये.

पहिलं वर्ष आणि नंतर

लावल्यापासून गणपती येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी निंदणी. गाजरगवत, दुधी, आघाडा हे हातानं निघतात. हरळीची तार सापडली की टोकापर्यंत मागोवा घेऊन काढा. अर्धी तुटली तर प्रत्येक पेराला नवं झाड. सहा इंचांवरची लागवड दसरा-दिवाळीच्या सुमारास एकमेकांत मिसळते आणि तिथून पुढे तणाला जागा मिळत नाही. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसतो तो इथेच, जुलै-ऑगस्टमध्ये, कारण 'देखभाल लागत नाही' हे ऐकून माळ्याला दुसऱ्या कामाला लावलेलं असतं.

पाऊस संपल्यावर पहिल्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी. दुसऱ्या वर्षापासून हिवाळ्यात दहा दिवसांनी एकदा, मार्च ते मे आठवड्यातून एकदा पुरतं. एका पाण्याला १२ ते १५ मिलिमीटर धरा, म्हणजे १०० चौरस फुटांना ११० ते १४० लिटर. तेवढ्याच जागेतल्या उन्हातल्या लॉनला मेमध्ये रोजचे पाच मिलिमीटर धरले तरी आठवड्याला सव्वातीनशे लिटर लागतात. टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हा फरक बिलात दिसतो. एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी चालतं. बोअरचं जड पाणीही चालतं, फक्त मातीवर पांढरा थर दिसू लागला तर महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून तो खाली धुऊन काढा.

पाणी दिलंच नाही तर काय होतं? फेब्रुवारीपासून टोकं तपकिरी होतात, एप्रिलअखेर सगळं पेंढ्याच्या रंगाचं. जूनमध्ये पुन्हा हिरवं. ज्यांना हे चालतं त्यांनी पाणी वाचवावं. पण आधी सोसायटीच्या कमिटीला सांगून ठेवावं, नाहीतर मेमध्ये कोणीतरी 'गवत मेलं' म्हणून त्यावर फरशी टाकायचा ठराव आणतं.

कापणी वर्षातून दोनदा. एक ऑक्टोबरमध्ये, बोंडं तपकिरी व्हायच्या आत, तीन इंचांवर. म्हणजे बी भलतीकडे पडत नाही. दुसरी मेअखेर, वाळलेली पानं काढायला, दोन इंचांवर. विळा किंवा गवताची कात्री पुरते. नायलॉन दोरीचं यंत्र वापरलं तर झाडांच्या बुंध्यांपासून वीतभर लांब राहा, दोरीनं साल सोलली जाते. दीड इंचाच्या खाली कापू नका. खत म्हणून जूनमध्ये अर्धा इंच कंपोस्ट, बस. युरिया टाकला की पानं लांबतात, लोळतात आणि खाली बुरशी धरते.

एक काम मात्र दर आठवड्याचं आहे आणि ते कोणी सांगत नाही: आंब्याची, फणसाची, बदामाची मोठी पानं उचलणं. ही पानं एकावर एक बसून थर धरतात आणि खालचा लव्हाळा दोन-तीन आठवड्यांत पांढरा पडतो. गुलमोहर, शिरीष, चिंच यांची बारीक पर्णिका मात्र मधून खाली झिरपते, तिथे झाडूही लागत नाही. त्यामुळे कुठल्या झाडाखाली लावणार यावर देखभाल कमी की जास्त ते ठरतं. रबराच्या झाडाखाली किंवा वडाच्या गच्च सावलीत, जिथे दिवसभरात दोन तासही कवडसे पडत नाहीत, तिथे काहीच लावू नका. पाचोळा राहू द्या.

तक्रारी

पायाखाली टिकत नाही. दिवसातून चार-सहा माणसं गेली तर हरकत नाही, पण कचराकुंडीकडे जायची रोजची वाट असेल तर आठ दिवसांत पायवाट उमटते. दीड फुटावर शहाबादी फरशीचे तुकडे टाकून पावलं ठरवून द्या. कुत्र्यांच्या लघवीनं लॉनसारखेच पिवळे डाग पडतात. त्याच दिवशी बादलीभर पाणी ओतलं तर वाचतं. कार्पेट लॉनची मऊ, एकसारखी गादी हवी असेल तर हा माल तुमचा नाही, जवळून पाहिलं तर किलिंगा विस्कटलेलाच दिसतो. गच्चीवरच्या चार इंची ट्रेमध्ये एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं लागतं. तेव्हा तिथे देखभाल कमी होण्याऐवजी वाढतेच. 'साप येतील' ही तक्रार कमिटीत हमखास येते. सहा इंच उंचीच्या झाडात ती अडगळीच्या ढिगाऱ्यापेक्षा नक्कीच कमी रास्त आहे.

शेजारचे पर्याय

किलिंगा ब्रेव्हिफोलिया, हिरव्या बोंडाचा, आणखी बुटका आणि जास्त दाट. सतत ओल असेल तिथे चांगला: नळाखाली, एसीचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात, पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्यात. कोरड्यात हटतो आणि ओल्यात आवरत नाही, त्यामुळे चारी बाजूंनी बंदिस्त जागेतच लावा. फिंब्रिस्टायलिस डायकोटोमा उन्हातल्या मुरमाड उताराला चालतो. ठोंब करून वाढतो, गालिचा करत नाही, बी पडून आपला आपण येतो. टेकडीलगतच्या प्लॉटच्या बांधाला तो शोभतो, बंगल्याच्या दर्शनी भागात नाही. बल्बोस्टायलिस बार्बाटा पावसाळ्यात सुंदर दिसतो, पण वर्षायू आहे; दिवाळीनंतर जागा रिकामी. नर्सरीवाले 'अंब्रेला पाम' पुढे करतात. तो याच कुळातला असला तरी आफ्रिकेचा आहे, तीन-चार फूट वाढतो आणि जमीन झाकायच्या कामाचा नाही.

मोंडो ग्रास हा खरा प्रतिस्पर्धी. तो लव्हाळा नाही आणि आपल्याकडचाही नाही, पण दाट सावलीत किलिंगापेक्षा चांगला टिकतो, बाराही महिने गडद हिरवा राहतो आणि कुठल्याही नर्सरीत मिळतो. पसरतो मात्र फारच सावकाश, म्हणून जवळ जवळ लावावा लागतो आणि मोठ्या जागेला महाग पडतो. दोनशे चौरस फुटांच्या आत आणि दाट सावली असेल तर मोंडो. त्याहून मोठी, कवडशांची जागा असेल तर किलिंगा. वेडेलिया मात्र फुकट मिळाला तरी नको. पिवळ्या फुलांचा तो वेल जमीन झाकतो खरा, पण ओढ्यांपर्यंत पोचतो आणि तिथलं बाकी सगळं गिळतो.

रोपं आयत्या वेळी मिळत नाहीत. सोलापूर रस्त्यावरच्या मोठ्या नर्सऱ्यांमध्ये रांगेत लॉनचे कार्पेट असतात, किलिंगा नसतो. तो सांगून वाढवून घ्यावा लागतो. जूनच्या लागवडीसाठी फेब्रुवारीत मागणी नोंदवा, आगाऊ रक्कम एक तृतीयांशाहून जास्त देऊ नका आणि पावतीवर 'गाठ आढळल्यास ट्रे परत' एवढं लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडे घेऊ नका.